गुरुवारी चार ते पाच

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेची खोली ओलांडली की पुढे धुलाईखाना लागतो. त्या दोन्हींच्या मध्ये एक दार आहे आणि दाराबाहेर एक लाकडी स्टूल. त्या स्टुलावर बावीस वर्षं एकच माणूस बसत आला. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना खोलीवाले काका म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं.

काका आधी स्ट्रेचर ढकलायचे. एकदा एका आडदांड रोग्याला उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली ती कायमचीच, आणि साहेबांनी त्यांना हलकं काम दिलं. जुन्या चाकाच्या खुर्च्या ठेवायची एक अडगळ होती, ती रिकामी करून तिथे प्रार्थनेची खोली करायची होती. शहरात पाच धर्मांची माणसं राहायची आणि आजारी पडायला धर्म लागत नाही. कुणाचं ऑपरेशन चालू आहे, कुणाचा श्वास अडकलाय, अशा वेळी घरच्यांनी कुठे बसून देवाचं नाव घ्यायचं? कल्पना छान होती. पहिल्याच आठवड्यात तिथे हाणामारीची वेळ आली.

भांडण समोरच्या भिंतीवरच्या देवाच्या चित्रावरून होतं. एका घरच्यांना चित्राशिवाय हात जोडवत नव्हते आणि दुसऱ्या घरच्यांना चित्रासमोर उभंच राहता येत नव्हतं. दोन्हीकडची माणसं वर मरायला टेकलेली, त्यामुळे कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. साहेब म्हणाले, बंद करा ही खोली. काका म्हणाले, मला एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी ते घरून मोहरीच्या रंगाचा एक पडदा, पितळी कड्या आणि एक गज घेऊन आले. ज्यांना चित्र हवं त्यांनी पडदा सरकवायचा, ज्यांना नको त्यांनी ओढायचा. ज्यांची वेळ त्यांनी आत बसायचं. काकांनी मागे कपाटाजवळ उभं राहायचं आणि हवं-नको बघायचं.

इतकी साधी गोष्ट, पण तिचं केवढं कौतुक झालं. पेपरवाले फोटो काढून गेले, बाहेरच्या हॉस्पिटलातली माणसं बघायला आली. मॅनेजर मॅडम प्रत्येक पाहुण्याला पडदा ओढून दाखवायच्या. "काका, तुम्हाला हे सुचलं तरी कसं?" असं कुणी विचारलं की काका खाली बघून म्हणायचे, "असंच सुचलं."

असंच काही सुचलेलं नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या काकांच्या दोन खोल्यांत तो पडदा त्याआधी सहा वर्षं लटकत होता. तो शिवला होता मास्तरांनी.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक ट्रंक आणि पुस्तकांचं एक गाठोडं घेऊन ते काकांकडे भाडेकरू म्हणून आले. धर्म वेगळा, तोही चित्र न चालणारा. पहिल्याच महिन्यात त्यांनी चाचरत सांगितलं की समोर चित्र असलं की प्रार्थनेत मन लागत नाही. काका फणकारले, "मग मी काय देव गुंडाळून माळ्यावर टाकू?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मास्तर कापड घेऊन आले, वर्गातली मोठी पट्टी लावून त्यांनी भिंत मापली आणि रात्री जेवणानंतर बसून कड्या शिवल्या. तेव्हापासून ठरून गेलं. मास्तरांची वेळ झाली की काका पडदा ओढायचे आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. काकांची वेळ झाली की मास्तर पडदा सरकवायचे आणि चहाचं आधण ठेवायला आत जायचे. दाराला कडी कधी लागली नाही. पायरीवर बसून बसून काकांना मास्तरांची अख्खी प्रार्थना पाठ झाली, आणि चहा गाळता गाळता मास्तर काकांच्या देवाची स्तुती गुणगुणायला लागले. पुढे केव्हातरी बाहेरच्या खोलीतली मास्तरांची खाट नुसती लोकांना दाखवण्यापुरती उरली.

त्याला प्रेम म्हणतात हे दोघांना कळत होतं. त्याला दोघांच्याही पोथ्यांत काय म्हटलंय हेही कळत होतं. दोघेही नाकासमोर चालणारे, देवाला घाबरून असणारे. त्यावर ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत. मास्तर आपल्या देवाकडे काकांसाठी माफी मागायचे आणि काका आपल्या देवाकडे मास्तरांसाठी. स्वतःसाठी मागायचं धाडस दोघांनाही झालं नाही. चारचौघांत ते एकमेकांना अहो-जाहो करायचे, आणि कुणी विचारलं की काका एकाच शब्दात मोकळे व्हायचे: भाडेकरू.

खोलीच्या बाविसाव्या वर्षी मास्तरांची फुफ्फुसं थकली आणि ते काकांच्याच हॉस्पिटलात, तीन नंबरच्या वॉर्डात येऊन पडले. तिथे रोग्यामागे एकच पास मिळायचा, पिवळा, तोही फक्त घरच्यांना. मास्तरांचा पुतण्या दुसऱ्या गावाहून आला, सह्या केल्या, पास घेतला. मुलगा भला होता. नोकरी सोडून किती दिवस बसणार? जाताना त्याने पास काकांच्या हातात ठेवला. "काका, तुम्ही घरमालक कसले, घरच्यासारखेच आहात. काही लागलं तर फोन करा."

त्या पिवळ्या पुठ्ठ्यावर काकांचा जीव टांगलेला होता. पुतण्याने उद्या तो परत मागितला असता तर काकांना वॉर्डच्या दारातूनच मागे फिरावं लागलं असतं, आणि भांडायला त्यांच्या हातात कुठलंच नातं नव्हतं.

नेमकं त्याच दिवसांत व्यायाम शिकवणारी एक मुलगी खोलीकडे आली. गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला लावणं हे तिचं काम. तिची जीभ तिखट होती, पण हात मऊ होते. काकांच्या पाठीला शेक द्यायला ती अधूनमधून न विचारता यायची. ती फळ्यासमोर उभी राहिली. फळ्यावर आठवड्याच्या वेळा खडूने लिहिलेल्या असायच्या.

"काका, गुरुवारी चार ते पाच रिकामं दिसतंय."

"हो. कुणाला हवंय?"

"आम्हाला. बाराजण आहोत. काही इथले, काही बाहेरचे." ती जरा थांबली. "मी आणि माझी मैत्रीण एकत्र राहतो, हे माहितीय ना तुम्हाला? तशीच सगळी. प्रत्येकाला आपापल्या ठिकाणाहून उठवलंय कुणीतरी. वेगळा देव नकोय आम्हाला, काका. आपापल्याच देवाचं नाव घ्यायचंय, पण मागून कुणी खांद्यावर हात ठेवून बाहेर चला म्हणणार नाही, अशा जागी."

काकांनी फळ्याजवळचा खडू उचलला आणि परत ठेवला. ते म्हणाले, "अर्ज द्या. समितीपुढे ठेवतो."

समितीत पाच धर्मांची पाच माणसं होती. त्यांचं बावीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पंखा किती वेगाने फिरवायचा यावर तीन बैठका झाल्या होत्या. सोमवारच्या बैठकीत त्या अर्जाला नाही म्हणण्यावर मात्र सगळ्यांचं दहा मिनिटांत जमलं. काका कोपऱ्यात पाण्याचे ग्लास मांडत होते. त्यांच्या मनात आलं, एवढी वर्षं मी ज्या एकमताची वाट पाहिली ते हे असं यायचं होतं तर.

कुणी वाईट माणसं नव्हती ती, हीच तर पंचाईत. काकांच्या स्वतःच्या धर्माचे शालवाले बुवा मुंगीलाही ओलांडून जायचे. ते नुसतेच नकाराची मान हलवत राहिले. मास्तरांच्या धर्माचे ज्येष्ठ होते, त्यांना काका मनात घड्याळवाले म्हणायचे, कारण ते दर दोन मिनिटांनी मनगट बघत. मास्तरांच्या पुतण्याला त्यांनी लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "त्या मुलांचा मला राग नाही. माझ्या बहिणीचा मुलगा तसाच आहे, मी त्याला घरी जेवायला बोलावतो. पण देवासमोर बसायची जागा वेगळी. तिथे मी माझ्या मनाने नियम नाही बदलू शकत."

नदीपलीकडच्या नव्या वस्तीतून येणारी दुभाषी बाई सर्वांत शेवटी बोलली. दूरच्या देशातून परागंदा होऊन आलेली ती माणसं. "आमच्या बायका पहिली दोन वर्षं या इमारतीत पाऊल टाकत नव्हत्या," ती म्हणाली. "या खोलीमुळे यायला लागल्या. उद्या वस्तीत कळलं, तर त्यांचे नवरे पाठवणार नाहीत त्यांना. बाळंतपणं पुन्हा घरात होतील. त्यात दोघीजणी गेल्यात, मी पाहिल्यात."

मॅनेजर मॅडम दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडल्या. नाही म्हणावं तर ती मुलं वर तक्रार करणार, हो म्हणावं तर समिती उठून जाणार. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "काका, खोली तुम्ही सांभाळता. पडदा तुम्हाला सुचला. आता तुम्हीच काहीतरी सुचवा."

सगळ्या माना वळल्या. घड्याळवालेही मनगट सोडून काकांकडे बघायला लागले, आणि काकांना खिशातला पिवळा पास मांडीला टोचला. ती माझीच माणसं आहेत, एवढं म्हणायला काही सेकंद लागले असते. संध्याकाळपर्यंत ते पुतण्याच्या कानावर गेलं असतं, आणि मग तीन नंबरच्या वॉर्डात मास्तर एकटे उरले असते.

"नियम सरळ ठेवावा," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "ज्या धर्माची वेळ, त्याच धर्माची माणसं आत. बाकी कुणी नाही. हे बाराजण एका धर्माचे नाहीत. म्हणजे कुणावर राग नको आणि भेदभावही नको."

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. "वा, काका." त्यांनी तिथल्या तिथे तो नियम टाइप करून घेतला, खाली सहा सह्या झाल्या आणि दुपारी तो चौकटीत घालून दारावर ठोकला गेला. खिळाही काकांनीच धरला.

मुलगी संध्याकाळी आली, वाचून उभी राहिली. "कुणी सुचवला?" तिने विचारलं. काका फळा पुसायला लागले. तिला काय ते कळलं असावं. "पाठ शेकून घ्या वेळेवर," एवढं म्हणून ती गेली, आणि काकांना वाटलं, त्यापेक्षा हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते वर गेले. मास्तरांना मास्क लावलेला होता, बोटं निळसर पडली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपलेला पाहून काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरांपासून काही लपवायची त्यांना सवय नव्हती. जगापासून लपवण्यातच सगळी ताकद संपायची.

मास्तरांनी मास्क खाली ओढला. "असा नियम कधी होता आपल्याकडे? तू पायरीवर बसायचास ते मला एकट्याला लागायचं म्हणून. दार उघडंच असायचं की."

"मग काय सांगायचं होतं मी? सगळ्यांसमोर? तुझा पुतण्या, ते घड्याळवाले... पास गेला असता."

मास्तरांनी निळसर बोटांनी काकांचा हात दाबला. "चूक नाही तुझी," ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं. म्हणून तर वाईट वाटतंय." मग त्यांना ढास लागली आणि सिस्टर धावत आली.

मंगळवारी काकांना जेवण गेलं नाही. बुधवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते मॅडमच्या केबिनबाहेर जाऊन बसले. काय बोलायचं ते त्यांनी जिना चढताना जुळवलं होतं. नियम माझा, तो मी परत घेतो, आणि का घेतो तेही सांगतो. मॅडम बैठकीला बाहेरगावी गेल्या होत्या. शिपाई म्हणाला, शुक्रवारी येतील. काकांना हुश्श झालं, आणि हुश्श झालं याची इतकी लाज वाटली की ते दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मास्तर गेले. काका तेव्हा त्यांच्यासाठी गरम पाणी आणायला गेले होते. परत आले तर खाटेभोवती हिरवे पडदे ओढलेले. ते थर्मास हातात धरून पडद्याबाहेर उभे राहिले. सिस्टरने विचारलं, "नातेवाईक कोण आहेत?" काकांनी पुतण्याचा नंबर दिला.

पुतण्या दुपारी आला, घड्याळवाल्यांना बरोबर घेऊनच. मास्तरांना संध्याकाळीच गावी न्यायचं होतं, त्याआधी त्यांच्या धर्माप्रमाणे प्रार्थना व्हायला हवी. घड्याळवाल्यांनी फळा वाचला. त्यांची रोजची वेळ सकाळीच टळून गेली होती. "चार ते पाच मोकळं आहे," ते म्हणाले. "देवाचीच कृपा."

काकांनी खोली लावली. सतरंज्या अंथरल्या, कपाटातून त्यांची पुस्तकं काढली, पंखा हळू केला. मग पडदा ओढला. त्याच्या खालच्या काठाला एक टाका उसवलेला होता, मास्तर गेली दहा वर्षं म्हणत होते, घरी आण, घालून देतो. काकांनी तो दोरा बोटाला गुंडाळला आणि सोडला. स्ट्रेचर आत आला. माणसं जमली, वीसेक असतील, मास्तरांना जन्मात भेटली नव्हती त्यातली निम्मी. काका नेहमीसारखे मागे कपाटाजवळ जाऊन उभे राहिले.

घड्याळवाले त्यांच्यापाशी आले आणि त्यांचा खांदा हलकेच दाबत म्हणाले, "काका, तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी. पण आता सहीचा नियम झालाय. आम्हीच मोडला तर त्या मुलांना काय तोंड दाखवायचं?" त्यांचे डोळे खरोखर भरलेले होते. "तुमचाच नियम आहे."

काका बाहेर आले. आतून कडी लागली.

स्टुलावर बसवेना, म्हणून ते भिंतीला टेकून उभे राहिले. आत प्रार्थना सुरू झाली. पायरीवर ऐकलेली नव्हती ही, मेलेल्या माणसासाठीची निराळी असते. पण मधेमधे ओळखीच्या ओळी यायच्या, आणि तेवढ्या ओळींना काकांचे ओठ हलायचे. मग पुन्हा अनोळखी भाग यायचा आणि त्यांना थांबावं लागायचं. अठ्ठावीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच दार उघडून आत जावंसं वाटत होतं, आणि दारावर त्यांच्याच शब्दांची चौकट होती.

ती मुलगी एका रोग्याला एक्स-रेला सोडून परतत होती. काकांना पाहून थबकली. बोलायचं नाही असं ठरवलं असावं तिने, पण त्यांचा चेहरा बघून तिला राहवलं नाही.

"काका? कोण गेलं?"

पॅसेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. साऱ्या जगात हे एक माणूस असं होतं, की ज्याला सांगितलं असतं तर जागच्या जागी समजलं असतं. पिवळ्या पासाचंही आता काही काम उरलं नव्हतं. भ्यायचं कशाला, हे काकांनाही कळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि जिभेला जे वळण होतं तेच बाहेर आलं.

"भाडेकरू," ते म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या हातात सकाळचा थर्मास अजून तसाच होता. "बरं," ती म्हणाली, आणि गेली नाही. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. बोलायचं की नाही, ते तिने काकांवर सोडलं होतं. काका आत कान लावून राहिले.

पाच वाजायला थोडं असताना कडी निघाली. वॉर्डबॉय नवा होता. त्याने स्ट्रेचर वळवला तो नेमका दाराच्या चौकटीवर आपटला. काकांनी थर्मास स्टुलावर ठेवला. "सरक. मी काढतो." पुढचं चाक पायाने तिरकं करून, डोक्याकडची बाजू किंचित उचलून त्यांनी स्ट्रेचर अलगद बाहेर घेतला. पाठीत कळ गेली. कुणी अडवलं नाही, ढकलण्याच्या कामाला धर्म विचारत नाहीत. धुलाईखाना, मागचा उतार, गाडीपर्यंत शंभर पावलं असतील. काका ती जमतील तितकी हळू चालले. चादरीवर एक हात ठेवून चालले, धक्का बसू नये म्हणून ठेवतात तसा.

गाडीचं दार लागल्यावर पुतण्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, भाडेकरूसाठी एवढं कोण करतं हो? सामान न्यायला पुढच्या महिन्यात येईन. एक ट्रंक आणि खाट, एवढंच ना?"

"एवढंच," काका म्हणाले.

ते परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. मुलगी अजून भिंतीला टेकून उभी होती. पुढची वेळ त्यांच्याच धर्माची होती. शालवाले बुवा आणि आठदहा माणसं दाराशी चपला काढत होती. "काका, पडदा तेवढा सरकवा," बुवा म्हणाले. "आणि या आत, आपलीच वेळ आहे."

काकांनी पडदा सरकवला आणि चित्रासमोर उभे राहिले. हात सवयीने जुळले. रोज ते मास्तरांसाठी माफी मागायचे. आज मागायला गेले आणि लक्षात आलं, मास्तरांचा तर काहीच गुन्हा नव्हता. कधीच नव्हता. ज्याच्यासाठी मागायला हवी तो एकटाच उरला होता. त्याने ज्यांचा अपराध केला होता त्यांतला एक गाडीतून निघून गेला होता, आणि दुसरी बाहेर पॅसेजमध्ये उभी होती.

स्तुती अर्ध्यावर असताना काका मागे वळले. बुवांनी भुवया उंचावल्या. कडी काढून काका बाहेर आले. स्टुलावर थर्मास होता. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं.